अठराशे ग्रॅमचं बाळ आणि चार खुर्च्या

"यात नवीन काय आहे?" हा प्रश्न ज्या कोणी आमच्या अर्जाच्या समासात लिहिला, त्यांचं नाव मला माहीत नाही. तपासणाऱ्यांची नावं अर्जदारांना कळवत नाहीत. पण साहेब किंवा मॅडम, जे कोणी असाल ते, तुम्ही फार नुकसान केलंय! जे औषध अजून सापडलेलंच नाही, त्याच्या शोधाला तुम्ही आनंदाने पैसे देता. जे माझ्या जन्माच्याही आधी सापडलं आणि तरी तालुक्याच्या दवाखान्यात पोचलं नाही, ते का पोचलं नाही हे शोधायचं म्हटलं की मात्र तुमचा हात आखडतो.

झालं. राग काढून झाला. आता किस्से.

आमच्या कामात किस्से का साठतात, त्याचं कारण सरळ आहे. दर तीन महिन्यांनी ऑनलाइन अहवाल भरायचा असतो. त्यात 'अडचणी' नावाचा एक चौकोन असतो आणि त्या चौकोनात दोनशे शब्दांच्या वर टाइपच होत नाही. दोनशे शब्दांत 'प्रशिक्षित मनुष्यबळाची कमतरता' बसते. चंद्रकला मावशी बसत नाहीत. मग चौकोनात जे बसत नाही ते सगळं आमच्या नागपुरातल्या, प्रताप नगरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, सकाळच्या तर्री-पोह्यांबरोबर साठत जातं.

आमचं काम काय, ते आधी सांगते. कमी वजनाचं बाळ जन्मलं की त्याला टोपी, मोजे आणि लंगोट तेवढा घालायचा. बाकी उघडं. तसंच ते आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं, कापडाने बांधायचं, वरून पांघरूण घालायचं. दिवसातले जितके जास्त तास जमेल तितके. आईच्या उबेत बाळ तगतं, दूध ओढायला लागतं, वजन धरतं. याला कांगारू केअर म्हणतात. मशीन लागत नाही, औषध लागत नाही, लाइट गेली तरी चालतं. जगभर सिद्ध झालेलं आहे. नर्सिंगच्या पुस्तकात आहे, परीक्षेत येतं. फक्त वॉर्डात येत नाही!

ते वॉर्डात रोजच्या रोज कसं येईल, एवढाच आमच्या दोन वर्षांच्या संशोधनाचा विषय होता. नागपूरपासून दीड तासावरच्या तालुक्याच्या गावातला एक सरकारी दवाखाना, त्यातला एक वॉर्ड. आमच्या बाजूने आम्ही तिघं. गावंडे सर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले बालरोगतज्ज्ञ. कुणाल, शहराबाहेरच्या बेसा गावाहून स्कूटरवर येणारा, फॉर्मवरची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरणारा. आणि मी, प्राजक्ता, नुकतीच एमएसडब्ल्यू झालेली. दवाखान्याच्या बाजूने वॉर्डाच्या इन्चार्ज मेश्राम सिस्टर आणि वॉर्डातल्या आयाबाई, चंद्रकला मावशी.

मला पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नाने छळलं होतं. आपण आहोत तोवर हे चालेलच. आपण निघून गेल्यावर?

\*\*\*

पैसे मिळायच्या आधी ऑनलाइन मुलाखत होती. स्क्रीनवर पाच चौकोन, पाच तज्ज्ञ. इकडे सर आणि मी, बाजूला कूलर बंद करून, कारण त्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. दोघंही घामाने निथळत होतो.

पहिल्या चौकोनाने विचारलं, "यात नवीन काय आहे?"

सर म्हणाले, "काहीच नाही."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय मारला. सरांनी पाय आत घेतला आणि शांतपणे पुढे म्हणाले, "नवीन असतं तर तुमच्याकडे रांग लागली असती. जुनं आहे, म्हणून आम्ही दोघंच आलो."

दुसऱ्या चौकोनाने विचारलं, "टेक्नॉलॉजी कुठली वापरणार?"

"दीड मीटर सुती कापड."

"अ‍ॅप वगैरे?"

"नाही. आई आहे."

एक मॅडम इतका वेळ गप्प होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला एक सांगा, इतकं साधं आहे तर लोक करत का नाहीत?"

सर म्हणाले, "मॅडम, तेच तर शोधायला पैसे मागतोय!"

मंजुरी आली. पत्रात एकच अट होती. प्रकल्पाच्या नावात 'अभिनव' हा शब्द घालावा.

\*\*\*

बाळ छातीशी बांधून आईने तासन् तास बसायचं, तर टेकून बसायला जागा हवी. वॉर्डात होते लोखंडी पलंग आणि प्लास्टिकची स्टुलं. म्हणून आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानातून चार आरामखुर्च्या घेतल्या. रेक्झिनच्या, मागे कलणाऱ्या, भल्या मोठ्या. टेम्पोत घालून मी स्वतः नेऊन दिल्या. फोटो काढले. सरांना पाठवले. छाती फुगली माझी.

पंधरा दिवसांनी गेले तर बाळांच्या आया स्टुलांवर. खुर्च्या कुठे? मेश्राम सिस्टरांनी कमरेची किल्ली काढली, स्टोअरचं कुलूप उघडलं. चारही खुर्च्या एकीवर एक, प्लास्टिकचं कव्हरसुद्धा न काढलेल्या, वरून चादर घातलेली.

मी म्हटलं, "सिस्टर, या वापरायला दिल्या होत्या!"

"वापरल्या तर जुन्या होतील न मॅडम."

मी अर्धा तास भाषण दिलं. आईचा हक्क, बाळाचा जीव, संवेदनशीलता, सगळं. सिस्टरांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग एक जाडजूड रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. डेडस्टॉक रजिस्टर. दवाखान्यातली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात नोंदलेली, आणि चार्ज ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची. पलंग, कपाट, भिंतीवरचं घड्याळ. खाली नवी नोंद : आरामखुर्ची, नग चार.

"मी दोन वर्षांनी जूनमध्ये रिटायर होते," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा हे सगळं मोजून पुढच्या सिस्टरच्या हातात द्यावं लागते. माझ्या आधीच्या सिस्टरचं पेन्शन एका ऑक्सिजन स्टँडसाठी चार महिने अडून राहिलं होतं. ते स्टँड बाजूच्याच वॉर्डात निघालं. तुमची आई स्टुलावर बसेल हो. मी कशावर बसू?"

नागपूरला येऊन सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, सर वरपर्यंत तक्रार करतील. सरांनी पोह्यांची प्लेट बाजूला ठेवली आणि विचारलं, "आपण खुर्च्या देताना पत्रात काय लिहिलं होतं?"

"प्रकल्पाकडून भेट."

"चूक तिथेच आहे. पस्तीस वर्षं सरकारात काढली मी. दुसरं पत्र टाइप कर."

दुसऱ्या पत्रात लिहिलं की सदर चार खुर्च्या वापरून संपवण्यासाठी देण्यात येत आहेत. पुढच्या भेटीत मी दवाखान्याचं दुसरं रजिस्टर पाहिलं, ज्यात रोज संपणाऱ्या वस्तूंची नोंद होते. कापूस, गॉज, बँडेज, आरामखुर्ची!

सिस्टरांनी माझ्यासमोर ड्रेसिंगच्या कात्रीने प्लास्टिक कापलं आणि पहिल्या खुर्चीत आधी स्वतः बसून पाहिलं. "आता तुटली तरी चालते," म्हणाल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

\*\*\*

ट्रेनिंग नागपूरला, एका हॉटेलात, दोन दिवस. एसी हॉल, फोल्डर, पेन, दुपारी गुलाबजाम. दवाखान्याला पत्र पाठवलं होतं की पाच जणांना पाठवा. आले फार्मासिस्ट, एक्स-रे टेक्निशियन, मलेरियाचे दोन कर्मचारी आणि एक क्लार्क.

मी सिस्टरांना फोन लावला. "सिस्टर, नर्सेस कुठे आहेत?"

"नर्स पाठवली तर वॉर्ड कोण पाहील मॅडम? जे मोकळे होते ते पाठवले."

दोन दिवस बाहुली बांधून-सोडून सराव झाला. एक्स-रे टेक्निशियनचा हात इतका बसला की परीक्षेत तेच पहिले आले. आजही त्या तालुक्यात कांगारू केअरमधला सगळ्यात तयार माणूस खाली अंधाऱ्या खोलीत छातीचे फोटो काढतो.

त्यानंतर सरांनी हॉटेल बंद केलं. बाहुली घेऊन आम्हीच वॉर्डात जायला लागलो. दुपारी तीनला ड्युटी बदलते तेव्हा जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही नर्सेस एकदम हाताला लागतात. तेवढ्या वीस मिनिटांत ट्रेनिंग. चंद्रकला मावशी फरशी पुसता पुसता बघायच्या. चौथ्या दिवशी एका नर्सच्या हातातून त्यांनी बाहुली घेतली.

"असं नाही वं. मान सरळ पायजे. अन् पाय बेडकावानी. पाय."

सर बघतच राहिले. शेवटी आम्ही सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली. मावशींचंही केलं होतं, नाव छापून, सरांची सही करून. त्यांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि मला परत दिलं.

"हे मी कोणाले दाखवू? मले ते बाहुली द्या."

\*\*\*

आता माझ्या मूर्खपणाचा किस्सा. हा मीच सांगितलेला बरा, नाहीतर कुणाल सांगतो आणि वाढवून सांगतो.

बाळ किती तास छातीशी राहिलं हे लिहायला मी एक फॉर्म बनवला होता. आडव्या ओळी, उभे रकाने. नर्सना भरताना अडचण नको म्हणून पहिल्या ओळीत एक नमुना छापून ठेवला. आईचं नाव : सुनीता. वजन : १८०० ग्रॅम. तास : ८. त्या फॉर्मच्या शेकडो प्रती काढून दिल्या. रोज एक पान.

चार महिन्यांनी सरांना दाखवायला मी आकडे घेऊन बसले. बाकी बाळांचे तास कधी दोन, कधी पाच, कधी रिकामे. पण एक बाळ असं होतं की डोळ्यांत पाणी यावं. सुनीताचं बाळ. रोज आठ तास. रविवारी आठ, होळीला आठ, नर्सेस संपावर होत्या त्या दिवशीही आठ! मी त्याच्यावर वेगळी स्लाइड केली. वरती लिहिलं, 'एका आईची जिद्द'. तीन महिन्यांच्या अहवालातही ती गोष्ट घालून टाकली. निधी देणाऱ्यांकडून उत्तर आलं, 'अत्यंत प्रेरणादायी.'

सरांनी स्लाइड पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही बाई चार महिन्यांपासून वॉर्डात आहे?"

"हो सर! बघा ना, किती चिकाटी."

"आणि बाळ चार महिने अठराशे ग्रॅमवरच आहे?"

मी कुणालकडे पाहिलं. कुणालने फॉर्मकडे पाहिलं. पहिल्या ओळीकडे.

"मी म्हणतच होतो," कुणाल म्हणाला, "की हिचं अक्षर रोज इतकं एकसारखं कसं येऊन राहिलं!"

अहवाल दुरुस्त करायला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. पण त्यांच्या वार्षिक पुस्तिकेत सुनीता छापून आली. शेजारी कुठल्या तरी भलत्याच बाईचा फोटो.

\*\*\*

मे महिना. नागपूरकडचा मे काय असतो ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. दवाखान्याच्या व्हरांड्यात चप्पल काढून पाय ठेवला तर फोड येईल अशी फरशी. आणि मी वॉर्डात उभी राहून सांगतेय की बाळाला ऊब द्या.

एका बाळाची आजी माझ्या अंगावर आली. "बाहेर आग पडून राहिली, अन् तुमी लेकराले गरम ठेवा म्हनता? सूनबाईच्या अंगाले घाम येऊन राहिला. तिचं ते कापड सोडा आधी!"

मी समजवायला लागले. छोट्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्याला स्वतःचं तापमान धरून ठेवता येत नाही, वगैरे. आजी माझ्याकडे बघत होत्या, पण ऐकत नव्हत्या. त्यांनी सुनेच्या पाठीवरची गाठ सोडायला हात घातलासुद्धा.

चंद्रकला मावशी पोछा घेऊन तिथूनच जात होत्या. थांबल्या. वॉर्डातला कूलर सकाळपासून चालू होता. "काहो बाई," त्या म्हणाल्या, "तुमी इथं रातच्याले झोपता तं अंगावर काय घेता?"

"चादर घेतो न. कूलरची हवा लागते."

"किती किलोच्या आहा तुमी?"

आजींनी सुनेच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच सुटलेली गाठ परत बांधली, आधीपेक्षा घट्ट.

\*\*\*

आईला बरं नसेल तर बाळ कोणीही धरू शकतं. मावशी, आजी, बापसुद्धा. पुस्तकात 'बापसुद्धा' हा एक शब्द आहे. वॉर्डात तो शब्द आणायला आम्हाला नऊ महिने लागले.

गजानन नावाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस. बायकोचं ऑपरेशन झालेलं, तिला ताप, ती वेगळ्या खोलीत. पोरगी मुठीएवढी. सर म्हणाले, हा धरेल. सिस्टर म्हणाल्या, "बायकांच्या वॉर्डात पुरुष उघडा बसवू? मले सस्पेंड करता का सर?" मग तोडगा निघाला. लसीकरणाची खोली दुपारी रिकामी असते. एक खुर्ची तिकडे गेली.

गजाननच्या आईने दारातच अडवलं. "गड्याच्या छातीले काय दूध येते का?"

मावशी म्हणाल्या, "चुलीले येते का? पन ऊब तं देते न!"

गजाननने सदरा काढला. मावशींनी पोरगी त्याच्या छातीशी ठेवली, कापडाने गुंडाळून बांधली, वरून चादर. तो माणूस पुढचे तीन तास पापणीसुद्धा जपून हलवत होता. खिशातला मोबाइल वाजत राहिला, त्याने उचलला नाही. मी म्हटलं, बोला ना, थोडं हललात तरी चालतं. तर ओठ न हलवता म्हणाला, "झोपली हाय."

संध्याकाळी गावातला एक मित्र भेटायला आला. छातीवर एवढं कापड गुंडाळलेलं पाहून दारातच थबकला.

"काय लागलं गा तुले?"

"पोरगी झाली."

मित्राने विचार केला. "पोरगी तं वहिनीले झाली न? मंग पट्ट्या तुले काहून बांधल्या?"

सुट्टी मिळाली त्या दिवशी गजानन सिस्टरांच्या टेबलापाशी घुटमळत होता. त्याला कागद हवा होता. "आठ रोज मी धरली होती म्हनून लिहून द्या सिस्टर. गावात कोनी मानून नाही राहिलं." असा कुठला फॉर्म नव्हता. सिस्टरांनी ओपीडीच्या कोऱ्या कागदावर लिहिलं, शिक्का मारला. पुढच्या महिन्यात पोरीला तपासायला आणली तेव्हा त्याने तो कागद दाखवला. लॅमिनेट केला होता.

\*\*\*

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला निधी देणाऱ्यांकडून एक साहेब पाहणीला आले. वॉर्ड चकचकीत. चारही खुर्च्यांवर चार आया, त्यांच्या छातीशी चार बाळं. साहेबांनी सगळं नीट पाहिलं, मावशींशी हिंदीत बोलले, बाहुली हातात घेतली. माणूस चांगला होता, हे मुद्दाम सांगते. मग चहा घेताना त्यांनी विचारलंच.

"आमचा निधी संपल्यावर हे चालू राहील, याची हमी काय?"

दोन वर्षं जो प्रश्न माझा मला छळत होता, तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि माझं डोकं सटकलं. "हमी तुम्ही मागता? दोन वर्षांत वॉर्डाची सवय बदलते का सर? आणखी दोन वर्षं द्या, मग विचारा!"

या वेळी सरांचा पाय माझ्या पायावर होता.

साहेब रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "मॅडम, मलाही माझ्या वरच्यांसाठी एक चौकोन भरावा लागतो. त्यात किती शब्द बसतात, सांगू?"

महिन्याभराने पत्र आलं. काम उत्तम. परिणाम अपेक्षेप्रमाणे. मात्र सदर पद्धतीची उपयुक्तता आधीच सिद्ध झालेली असल्याने पुढील निधी देता येत नाही.

मी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाल म्हणाला, "म्हणजे आपण नापास व्हायला पाहिजे होतं का?" मार्चअखेर ऑफिस रिकामं केलं. जूनमध्ये मेश्राम सिस्टर रिटायर झाल्या. त्यांनी फोन करून सांगितलं की चार्ज देताना सगळं मोजून जुळलं, एक चमचासुद्धा कमी नाही. मी विचारलं, "आणि कांगारू केअर?" त्या म्हणाल्या, "ते कोणत्या रजिस्टरमध्ये लिहून देऊ मॅडम?"

\*\*\*

दिवाळीनंतर मला राहवलं नाही. तोवर मला दुसरी नोकरी लागली होती. एक दिवस रजा टाकली आणि एसटीने निघाले. कोणाला कळवलं नाही. कळवलं की वॉर्ड चकचकीत होतो.

दवाखान्याला नवा रंग दिलेला. आमची पोस्टरं त्या रंगाखाली गेलेली. ज्या खिळ्याला आमचे फॉर्म टांगलेले असायचे, तो खिळासुद्धा नव्हता. चंद्रकला मावशींना विचारलं, तर त्या आठवडाभर सुट्टीवर, भाचीच्या लग्नाला. टेबलावर नव्या इन्चार्ज सिस्टर होत्या, मान खाली घालून लिहीत होत्या.

मी विचारलं, "सिस्टर, इथे कांगारू केअर चालतं ना?"

"ते प्रोजेक्ट होतं मॅडम," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मार्चमध्येच बंद झालं. आता इथे तसलं काही नाही."

मी त्यांना धन्यवाद म्हटलं. परतीच्या एसटीला वेळ होता. व्हरांड्यात उभी राहिले, बाटलीतलं पाणी प्यायले. निघायच्या आधी एकदा आत डोकवावं म्हणून वॉर्डाचं दार ढकललं.

खुर्च्या तिथेच होत्या. एकीचं रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आलेला, दुसरीच्या पायाखाली वीट. चारही भरलेल्या. तीन आया. चौथीत पन्नाशीची एक बाई, डोळे मिटून, छातीशी जुन्या ओढणीने बांधलेलं बाळ. मान सरळ. पाय बेडकासारखे.

मी जवळ गेले. विचारलं, "काकू, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्यांनी डोळे उघडून शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "हिनं."

शेजारची म्हणाली, "मले, माह्या खाटेवर माह्या आधी होती तिनं."

"आणि तिला? सिस्टरनी? डॉक्टरांनी?"

"त्याईले कायले इचारा लागते?" ती म्हणाली आणि बाळाची टोपी सारखी केली.

पर्समधून मोबाइल काढला. म्हटलं, "काकू, तुमचा एक फोटो काढू?"

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फोटो काहून काढते वं? यात नवीन काय आहे?"